छापणाऱ्यानेही लिहावे

मराठीत लेखकांची आत्मचरित्रे भरपूर आहेत. नटांची आहेत, गायकांची आहेत, पुढाऱ्यांची तर कपाटे भरतील इतकी आहेत. ज्यांनी ही सारी छापली त्या प्रकाशकांच्या आठवणी मात्र एका फळीवर मावतात. त्यातही ज्यांचे कार्यालय म्हणजे राहत्या घराची पुढची खोली, ज्यांच्याकडे ना कारकून ना गोदाम, अशा छोट्या प्रकाशकांनी स्वतःबद्दल लिहिलेले फारच थोडे. हे पुस्तक त्यांच्याबद्दल आहे. ज्यांनी पुस्तके काढली आणि आपली हकीकतही लिहून ठेवली ते यात आहेत. ज्यांनी फक्त पुस्तकेच ठेवली तेही आहेत.

छोटा प्रकाशक म्हणजे नेमका कोण, हे आधी सांगायला हवे, कारण आज दोन-चार संग्रह काढणारा कोणीही स्वतःला प्रकाशक म्हणवतो. मी ज्याला प्रकाशक म्हणतो तो हस्तलिखित स्वतः वाचतो आणि स्वतः निवडतो. कागदाचे पैसे तोच उभे करतो. मुद्रिते तोच तपासतो, मुखपृष्ठासाठी चित्रकाराच्या घरी तोच खेटे घालतो, पुस्तक बांधून आले की गठ्ठे करून टपालात तोच टाकतो. विक्रेता पुस्तक उधारीवर घेतो, वर कमिशन कापतो आणि हिशेब सहा महिन्यांनी, वर्षाने करतो, कधी कधी करतच नाही. लेखकाला पुस्तक आवडले नाही तर तो प्रकाशकावर रागावतो. वाचकाला आवडले तर तो लेखकाला पत्र लिहितो. एवढे सगळे माहीत असून पुढच्या वर्षी जो दुसरे हस्तलिखित हातात घेतो, तो हा माणूस.

या मंडळींत मला सर्वांत मोठे वाटतात ते हरि विष्णू मोटे. 1933 साली त्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिका विभावरी शिरूरकर. हे नाव कोणी ऐकलेले नव्हते, कारण ते खरे नव्हतेच. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचे वय उलटून चाललेल्या मुलींच्या मनात काय चालते, घरची माणसे त्यांच्या पगारावर कशी विसंबून राहतात, मायेच्या नावाखाली त्यांचा संसार कसा अडवला जातो, आणि त्यांच्या शरीरालाही इच्छा असते, हे त्या कथांनी आडपडदा न ठेवता सांगितले. एकच गदारोळ उठला. निषेधाच्या सभा झाल्या. ही बाई कोण, की बाईचे नाव घेऊन कोणी पुरुषच लिहितो आहे, यावर तर्क सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी, 1934 मध्ये, विभावरींची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली आणि वादात आणखी तेल पडले.

विभावरी म्हणजे बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या, तिथेच शिकवणाऱ्या. त्यांची बहीण कृष्णाबाई या मोट्यांच्या पत्नी. पुढे समीक्षक म्हणून कृष्णाबाईंचेही नाव झाले. तेव्हा या पुस्तकाला घरातल्या माणसांचा आधार होता, हे खरे. पण घरातले असणे वेगळे आणि बाजारात उभे राहणे वेगळे. टोपणनावाने लिहिणाऱ्याचे गुपित शेवटी प्रकाशकाच्या हाती असते. शिव्यांची पत्रे त्याच्या पत्त्यावर येतात, ओळखीचे लोक रस्त्यात त्यालाच अडवतात, आणि एखाद्या बेसावध क्षणी त्याच्या तोंडून नाव निसटले तर नोकरी जाते ती लेखिकेची. पुस्तकावर लेखिकेचे खरे नाव नव्हते, मोट्यांचे होते. त्या पुस्तकाच्या इतिहासात ही बाजू फारशी कोणी मांडत नाही, आणि माझ्या मते ती लेखनाच्या धाडसाइतकीच मोलाची आहे.

1939 साली मोट्यांनी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ काढली. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, हेर्टा नावाची तरुणी आणि परत निघालेला चक्रधर हा मराठी माणूस. लहानशी कादंबरी. मराठी वाचक तेव्हा मध्यमवर्गीय घरांतल्या प्रेमकथांत रमलेला होता. त्याच्यासमोर बोटीवरचे हे निर्वासित ठेवायचे तर पुस्तक विकले जाईल असे कोणता हिशेबी माणूस म्हणाला असता? आज ‘रणांगण’ला वगळून मराठी कादंबरीबद्दल बोलता येत नाही. पुस्तक पुढे अभ्यासक्रमांत गेले, त्याच्या आवृत्त्या निघाल्या, त्यावर प्रबंध लिहिले गेले. पहिल्या आवृत्तीचा कागद मात्र यातले काहीही ठाऊक नसलेल्या माणसाने विकत घेतला होता.

त्या काळी पुस्तक छापणे म्हणजे काय होते, हे आजच्या तरुण वाचकाला थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. संगणकावर अक्षरे जुळवणाऱ्याला त्याची कल्पना येत नाही. मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवला जाई. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे. त्यामुळे जुळाऱ्यासमोरच्या खिळ्यांच्या केसांत इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त घरे. जुळारी डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हाताने एकेक खिळा उचलणार, ओळ भरली की गॅलीवर सरकवणार. सोळा पानांचा एक फर्मा. 160 पानांचे पुस्तक म्हणजे दहा फर्मे. छोट्या छापखान्याकडे खिळे मोजके. दोन-तीन फर्मे जुळले की खिळे संपले! ते फर्मे छापून, खिळे सोडवून परत घराघरांत टाकल्याशिवाय पुढची पाने जुळत नसत. म्हणून लेखकाने मुद्रित आठवडाभर घरी ठेवले की छापखान्याचे शिसे अडकून पडे, छापखानेवाला प्रकाशकावर ओरडे आणि मधल्या काळात लग्नपत्रिकांचे रोख काम आले की पुस्तक मागे पडे. प्रत्येक फर्म्याला प्रकाशक छापखान्यात हजर हवा, कारण तुटलेली वेलांटी मशिनवर चढल्यावरच दिसते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर कागदाची टंचाई आली, कागदावर नियंत्रण आले आणि छोट्यांचे हाल आणखी वाढले. मोठ्या संस्थेला साठा करता येतो. छोटा प्रकाशक रीम रीम करून आणतो.

मोट्यांनी पुढे ‘एक सामान्य माणूस’ हे आत्मचरित्र लिहिले. प्रकाशकाच्या आत्मचरित्राला मी जे महत्त्व देतो त्याचे कारण साधे आहे. कादंबरी कशी सुचली हे कादंबरीकार सांगू शकतो. तिचा अर्थ समीक्षक सांगतो. पण ती पुस्तक कशी झाली, कोणी नाकारली, कोणत्या पानावर भांडण झाले, पैसे कोणाकडून आणले, हजार प्रती संपायला किती वर्षे लागली, हे फक्त एका माणसाला माहीत असते. त्याने सांगितले नाही तर साहित्याच्या इतिहासात तेवढी जागा कायमची रिकामी राहते, आणि रिकाम्या जागी दंतकथा येऊन बसतात.

मोट्यांनी आणखी एक काम केले, आणि माझ्या लेखी तेच त्यांचे सर्वांत मोठे काम. आयुष्याच्या उत्तरार्धात ते जुनी पत्रे गोळा करू लागले. लेखक, संपादक, समाजसुधारक, नाटकमंडळींतली माणसे, गवई यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे. कोणाच्या नातवाकडे, कोणाच्या पुतण्याकडे, माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेली. त्यांतून ‘विश्रब्ध शारदा’ उभी राहिली. पहिला खंड 1972 साली आला, दुसरा 1975 साली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्वातंत्र्यापर्यंतचा महाराष्ट्र या खंडांत स्वतःच्या तोंडाने बोलतो. कर्जासाठी घातलेली गळ, मुलाच्या आजारपणाची काळजी, एकमेकांच्या लेखनावर केलेली परखड टीका, मानापमान. ही पत्रे छपाईसाठी लिहिलेली नव्हती, म्हणून ती खरी. पत्र मिळवणे हे काम अर्धेच असते. त्यातला ‘आपला बापू’ कोण, ‘परवाची गोष्ट’ कोणती, तारीख नसेल तर वर्ष कोणते, हे लावल्याशिवाय पत्राला अर्थ येत नाही. विद्यापीठांनी करावे असे हे काम एका खासगी प्रकाशकाच्या चिकाटीतून झाले. स्वतःचे आत्मचरित्र लिहून न थांबता त्याने एका समाजाची स्मृती जमवली.

रामदास भटकळांची ‘जिगसॉ’ आणि ‘जिव्हाळा’ ही पुस्तकेही या संदर्भात वाचावीत. भटकळांची पॉप्युलर ही प्रकाशनसंस्था 1924 पासूनची, मराठी प्रकाशन त्यांनी 1952 मध्ये सुरू केले, तेव्हा तिला छोटी म्हणता येणार नाही. पण लेखकाशी जुळणारे आणि तुटणारे नाते प्रकाशकाच्या बाजूने कसे दिसते, ते भटकळांनी फार नेमके लिहिले आहे.

आता अशोक शहाणे. त्यांचे नाव घेतल्याशिवाय मराठीतल्या छोट्या प्रकाशनाची गोष्ट पूर्ण होत नाही. 1963 साली ‘मनोहर’ मासिकात त्यांनी ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर “क्ष” किरण’ हा लेख लिहिला आणि प्रस्थापित साहित्यिकांना झोंबेल असे बरेच बोलून घेतले. ‘अथर्व’, मग ‘असो’ ही अनियतकालिके काढली. साठच्या दशकातली अनियतकालिकांची ती चळवळ चक्रमुद्रणावर आणि मित्रांच्या खिशावर चालली. पुढे ‘प्रास प्रकाशन’. 1977 साली प्रासने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह काढला. तेव्हा कोलटकर पंचेचाळिशीत पोहोचले होते, जाहिरातीच्या क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते, आणि त्यांची इंग्रजी ‘जेजुरी’ आदल्याच वर्षी क्लिअरिंग हाऊसने काढली होती. क्लिअरिंग हाऊस म्हणजेसुद्धा चार कवींनी मिळून चालवलेले प्रकाशन: कोलटकर, अदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल. आपली पुस्तके आपणच काढायची, आपल्याला हवी तशी काढायची. 1977 मध्ये ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला.

यानंतर कोलटकरांचा पुढचा मराठी संग्रह यायला पाव शतक लागले. कोणत्याही धंदेवाईक प्रकाशकाने एवढा काळ वाट पाहिली नसती, किंवा मधल्या काळात कवीच्या वह्या ओढून घेतल्या असत्या. शहाणे थांबले. मग 2003च्या आसपास ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ आणि 2004 मध्ये ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ ही इंग्रजी पुस्तके, असे सगळे एकामागून एक बाहेर पडले. कोलटकर तेव्हा आजारी होते. 25 सप्टेंबर 2004 रोजी ते गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार 2005 साली मरणोत्तर मिळाला. जगभरच्या रडणाऱ्या बायकांवरचा तो जाडजूड संग्रह, हायपेशियापासून कण्णगीपर्यंत आणि अपालेपासून व्हिएतनामच्या किमपर्यंत, एका माणसाच्या घरगुती प्रकाशनातून आला, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. कवीच्या हाती वेळ उरला नसताना ती पुस्तके त्याला हवी तशी, त्याच्या डोळ्यांदेखत निघाली. याला मी प्रकाशनकर्तृत्व म्हणतो.

शहाण्यांच्या ‘नपेक्षा’ या लेखसंग्रहात त्यांचे विचार सापडतात. सतीश काळसेकरांनी ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ लिहिली आणि तिला 2013 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अनियतकालिकांच्या पिढीतल्या एका संपादकाने पुस्तकांसोबत काढलेले दिवस त्यात नोंदले आहेत. या दोन्ही पुस्तकांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. तरीही त्या पिढीच्या छपाईची, पैशांची, वाटपाची सविस्तर हकीकत अजून पुरेशी कागदावर आलेली नाही, असे माझे मत आहे.

स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर या कथेत एक मुलगा येतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली त्यामागे त्यांचे चिरंजीव देवदत्त यांचा आग्रह होता. 1934 ते 1936 या काळात त्या आठवणींचे भाग पुस्तकरूपाने आले. 1936 साली लक्ष्मीबाई गेल्या. शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलेले ते गद्य आज मराठीतल्या उत्तम गद्यात मोजले जाते. देवदत्तांनी आईच्या मागे लागण्याचा कंटाळा केला असता तर आपण कशाला मुकलो असतो, याचा विचार करावा. आठवणी लिहवून घेणे हेही प्रकाशकाचेच काम.

‘स्मृतिचित्रे’ हे ख्रिस्ती घरातले पुस्तक, तेव्हा तिथून आमच्याकडे, ख्रिस्ती वस्तीच्या वसईच्या किनाऱ्यावर यायला फार वेळ लागत नाही. मी ही प्रस्तावना भुईगावात बसून लिहितो आहे. इथून निर्मळ, गास, गिरीज हाकेच्या अंतरावर, उत्तरेला काही गावे ओलांडली की नंदाखाल. त्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जन्म 1942. त्यांनी 1983 पासून जवळजवळ पाव शतक ‘सुवार्ता’ हे मासिक चालवले. धर्मसंस्थेचे मासिक म्हटले की लोक जी कल्पना करतात, तिच्यात ‘सुवार्ता’ बसले नाही. वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेले जात होते, जमिनी बिल्डरांच्या घशात चालल्या होत्या, दहशत होती. तेव्हा फादरांनी हरित वसईची चळवळ उभी केली आणि लेखणीही तिच्या कामी लावली. 2020च्या जानेवारीत उस्मानाबादला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन त्यांनी लिहिले. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. संपादकाने आपली हकीकत लिहिली म्हणजे त्या मासिकाचीच नव्हे, त्या सबंध मुलखाची काही वर्षे सुरक्षित राहतात, याचे आमच्या जवळचे उदाहरण हेच.

पण दिब्रिटो एक. त्यांच्या आगेमागे या किनाऱ्यावर कितीतरी माणसांनी पुस्तके काढली आहेत आणि अजून काढत आहेत. केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या सांभाळून, पहाटेच्या गाडीने मुंबईला नोकरीला जाऊन, उरलेल्या वेळात. कवितासंग्रह, गावाचे इतिहास, लग्नगीतांचे संग्रह, सामवेदी आणि वाडवळी बोलींतल्या म्हणी आणि शब्द, चर्चच्या फेस्ताच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक. बहुतेक पदरमोड करून. तीनशे-पाचशे प्रती, त्यांतल्या निम्म्या प्रकाशन समारंभात भेट म्हणून गेलेल्या. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ती कधी पोहोचत नाहीत, मोठ्या वर्तमानपत्रांत त्यांची परीक्षणे येत नाहीत. म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाहीत. एखाद्या बोलीतले विहिरीच्या रहाटाच्या भागांचे शब्द उद्या ज्याला हवे असतील, त्याला ते अशाच एखाद्या पातळ पुस्तकात सापडणार आहेत.

छापलेले टिकते असे आपण समजतो. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राशोलला छापले गेले. 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1907 साली मंगळूरला जे. एल. साल्ढाणांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा भाविक घराण्यांनी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांचाच आधार घ्यावा लागला. दहा हजारांवर ओव्यांचा ग्रंथ, तीनदा छापलेला, तो वाचला वह्यांमुळे.

आमच्याकडची हवा खारी आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, माळ्यावरच्या खोक्यांत कसर आणि वाळवी शिरते. घर पाडून इमारत बांधायची ठरली की जुने कागद सर्वांत आधी रद्दीत जातात. म्हणून हे पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः वसई-विरार पट्ट्यातल्या वाचकाला, माझे काही सांगणे आहे. तुमच्या घरात कोणी छापखाना चालवला असेल, मासिक काढले असेल, एखादेच पुस्तक प्रसिद्ध केले असेल, तर त्यांची बिले, विक्रीच्या वह्या, दुरुस्त केलेली मुद्रिते, लेखकांची पत्रे फेकू नका. खिळे जुळवणारे हात अजून आपल्यात आहेत. त्यांच्यापाशी बसा आणि ते सांगतील ते उतरवून घ्या. स्वतः प्रकाशक असाल तर प्रत्येक पुस्तकामागची हकीकत लिहून ठेवा, निदान चार पाने. पुस्तक निघाले की 1954च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांना तीस दिवसांच्या आत एकेक प्रत पाठवायची असते. ती पाठवा, आणि एक गावच्या वाचनालयाला द्या. आणि शीर्षकपानाच्या मागे प्रकाशनाचे वर्ष छापायला विसरू नका.